तिशी ओलांडलेल्या घराचे काम: कधी काढायचे, कुठून सुरू करायचे

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला १९८७ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा ७८० चौरस फुटांचा टू बीएचके फ्लॅट आहे. ताबा घेतल्यापासून रंगापलीकडे काहीच केलेले नाही. न्हाणीघराबाहेरच्या पॅसेजच्या भिंतीला ओल आहे, खालचे काका छताला डाग पडल्याची तक्रार करतात, गीझर आणि मिक्सर एकदम लावले की फ्यूज उडतो. वडील ७९ वर्षांचे, आई ७४ ची, मुलगी यंदा दहावीत. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा दोन वर्षे चालू आहे. १२ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. दिवाळीपर्यंत घर नवे करून घ्यावे असे वाटते. आता काम काढावे की थांबावे? एकदम करावे की टप्प्याटप्प्याने? आईची एकच अट आहे, तिचा ओटा तोडायचा नाही.

उत्तर:

दिवाळीची तारीख आधी मनातून काढून टाका. या पावसाळ्यात घर नुसते बघायचे. पाऊस उघडला की गळणारे न्हाणीघर आणि विजेची सुरक्षा एवढेच उरकायचे. बाकीचे सगळे मुलीची परीक्षा संपल्यावर मार्चअखेरीस काढून मे संपायच्या आत पुरे करायचे. माझे उत्तर एवढेच आहे, पण त्यामागची कारणे कळल्याशिवाय तुम्ही नातेवाइकांच्या आणि ठेकेदाराच्या आग्रहापुढे टिकणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी २६ वर्षे पुण्यात जुन्या घरांची आतली कामे करते. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात सहकारनगरमधल्या एका घराला मी नवी फरशी, छताला पीओपी, नवे कपाट, उत्तम रंग असे सगळे केले. पाण्याचे पाइप जुनेच ठेवले, कारण घरमालक म्हणाले, ‘चालू आहेत ना, मग कशाला?’ आणि मी मान डोलावली. सात महिन्यांनी भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप फुटला. नवी फरशी, नव्या टाइल्स, कपाटाची पाठ, सगळे फोडावे लागले. त्या घरातल्या आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ते बघत होत्या, तो चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून माझ्याकडे एक क्रम ठरलेला आहे आणि तो मी कोणासाठीही बदलत नाही: आधी इमारतीची तब्येत, मग पाणी, मग वीज, मग फरशी, मग लाकूडकाम, शेवटी रंग. भिंतीच्या आतले पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचे काढायचे नाही. पैसे कमी पडले तर शेवटून कमी करायचे. जुन्या रंगाच्या भिंती चालतील, जुन्या पाइपावर नवी टाइल चालणार नाही.

पावसाळ्यात घर बघायचे म्हणजे काय ते सांगते, कारण हा भाग फुकट आहे आणि सगळ्यात मोलाचा आहे. पॅसेजच्या भिंतीवर ओल जिथपर्यंत आली आहे, त्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. पावसाची झड लागल्यावर रेघ पुढे सरकली आणि उघडीप मिळाल्यावर मागे आली, तर पाणी बाहेरून येते आहे: छज्ज्यावरची भेग, बाहेरच्या गिलाव्यातली फट, खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा. पाऊस असो नसो ओल तिथेच असेल, आणि तीही जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच, तर पाणी तुमच्या न्हाणीघरातलेच आहे. खालच्या काकांना एवढेच विचारा: थेंब दिवसभर पडतो की सकाळी आंघोळी झाल्यावर? दिवसरात्र पडत असेल तर नळांना पाणी आणणारी, सतत भरलेली लाइन गळते आहे. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (जमिनीतले पाणी वाहून नेणारी जाळीखालची कुंडी) किंवा जमिनीखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. मग चार-पाच दिवस ते न्हाणीघर वापरायचे बंद करा, दुसरे वापरा. काकांच्या छताचा डाग फिकट झाला, तर निदान पक्के. अर्ध्या घरांत लोक हे न करता थेट सगळ्या टाइल्स फोडतात आणि गळती वेगळ्याच ठिकाणची निघते.

बाहेरून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची. न्हाणीघर, संडास, सिंक यांची गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची, असे सोसायटीच्या उपविधींत, म्हणजे नियमावलीत आहे. बाहेरची भिंत दुरुस्त होईपर्यंत आत ओलरोधक रंग लावू नका. तो ओल थांबवत नाही, फक्त तिला दुसरीकडून बाहेर पडायला लावतो.

आता पुनर्विकास. तुमच्या प्रश्नातला खरा पेच हाच आहे आणि लोक इथेच वर्षानुवर्षे अडकून राहतात. माझ्या ओळखीच्या एका घरात ‘इमारत पडणारच आहे’ म्हणून ११ वर्षे गळका नळही बदलला नाही. इमारत अजून उभी आहे. म्हणून पार्किंगमधल्या चर्चेवर विसंबू नका, सचिवांकडे जाऊन कागद विचारा. जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी बिल्डरकडून सोसायटीकडे येणे) सोसायटीच्या नावे झाले आहे का? नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर सही देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्यामार्फत मालकी मिळवण्याचा) अर्ज तरी केला आहे का? पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा झाली आहे का? शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार विकासक नेमायला एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. ती घेतली गेली आहे का? विकसन करार नोंदवला गेला आहे का? करार नोंदवलेला असेल तर घरात खिळाही ठोकू नका, फक्त जिवाला धोका असेल ते दुरुस्त करा. विकासक निवडला आहे पण करार नाही, अशा अवस्थेत न्हाणीघराची गळती, विजेची सुरक्षा आणि आई-वडिलांची सोय एवढेच. आणि अभिहस्तांतरणाचाच पत्ता नसेल, तर तुमच्या हातात बरीच वर्षे आहेत असे धरून चाला. तुमच्या वडिलांच्या वयाला ‘बघू पुढे’ हे उत्तर नाही.

दोन वर्षे नुसती चर्चा चालू आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून तुम्ही तिसऱ्या गटात असाल असा माझा अंदाज आहे. तरीही पैसे लावताना एक भेद मनात ठेवा. पाइप, टाइल, वॉटरप्रूफिंग इमारतीबरोबर जाणार. पंखे, गीझर, एसी, सुटी कपाटे, पलंग, सुटी स्वयंपाकघराची युनिट्स तुमच्याबरोबर नव्या घरात येतील. म्हणून भिंतीत चिणलेली कपाटे आणि छताला जोडलेले काम तुमच्या घरात मी सुचवणार नाही.

इमारतीच्या तब्येतीचे दोन शब्द. आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवे. ते झाले असेल तर अहवालाची प्रत मागा आणि तुमच्या फ्लॅटबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. झाले नसेल तर वार्षिक सभेत विषय घ्या. घरात तुम्ही स्वतः एवढे करा: माळ्यावरचे सामान काढून टॉर्चने छत बघा, न्हाणीघराच्या छताखालचा भाग बघा, बाल्कनीच्या छताची खालची बाजू बघा. सरळ रेषेतली भेग, तिच्या कडेने तपकिरी डाग, गिलाव्याला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज, हे दिसले की आतली सळई गंजू लागली आहे असे समजा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. अशा जागी गवंड्याकडून नुसता सिमेंटचा लेप मारून घेऊ नका. सैल काँक्रीट पाडून, सळई साफ करून, तिला गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने ती जागा भरावी लागते, आणि किती सळई खाल्ली गेली आहे ते अभियंत्याने बघावे लागते. अशा स्लॅबखाली फॉल्स सीलिंग करणे म्हणजे जखमेवर चादर टाकणे. तुमच्या घरात फॉल्स सीलिंग नकोच. उंचीही मुळात बेताची असते.

बाल्कनी आत घेतली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्या काळच्या पुण्यातल्या बहुतेक फ्लॅट्समध्ये ती घेतलेली असते, म्हणून लिहिते. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूला अडकलेला, दुसऱ्या बाजूला मोकळा असतो. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. लोक हॉलच्या पातळीला आणायला तिथे विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात, वर टाइल, कडेला विटांची भिंत, वर कुंड्यांची रांग. एक तर वजन वाढते, दुसरे म्हणजे भरावात मुरलेले पाणी थेट त्या वरच्या सळईवर बसून राहते. नव्या कामात तो भराव असेल तर काढा, पातळीत दोन-तीन इंचांचा फरक राहिला तर राहू द्या, उतार बाहेरच्या बाजूला द्या. हॉल आणि बेडरूममधली भिंत काढायची कल्पना कोणी सुचवली तर आधी इमारत आरसीसी फ्रेमची (कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभी) आहे की भार भिंतींवर आहे ते अभियंत्याकडून लेखी घ्या. १९८७ सालच्या चार मजली इमारतीत दोन्ही शक्य आहे. साडेचार इंची भिंत म्हणजे बिनभाराची असे गवंडी छातीठोकपणे सांगतो, त्यावर जाऊ नका. आणि वायरिंगसाठी कॉलम-बीमला झिरी कोणी मारताना दिसला तर काम तिथेच थांबवा.

आता पाणी, म्हणजे माझ्या मते अशा घराचा गाभा. सकाळी पहिला नळ सोडल्यावर पाणी तांबूस येते का? पूर्वी बादली भरायला जेवढा वेळ लागे त्याच्या दुप्पट लागतो का? तर जीआय पाइप आतून गंजले आहेत. मी अर्ध्या इंचाचे असे पाइप काढले आहेत की त्यात पेन्सिल शिरत नव्हती. ते सगळे काढून गरम-गार दोन्हीसाठी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप) टाका. टाइल्स लावण्याआधी नवी लाइन प्रेशर पंपाने भरून रात्रभर तशीच ठेवायला सांगा. सकाळी काटा उतरला असेल तर सांधा गळतो आहे. प्लंबर याला कंटाळतात, पण हा एक दिवस सोडू नका. आणि भिंत बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून मोजपट्टी धरून. दहा वर्षांनी आरसा लावताना ड्रिल कुठे चालवायचे ते त्या फोटोंवरून कळेल.

न्हाणीघराची जमीन नीट करायची तर पूर्ण करायची. सांध्यांत पांढरे सिमेंट भरणे, वरून रसायन ओतणे याने एखादा पावसाळा निघतो. तुमच्या काळच्या न्हाणीघरांत स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. त्या कोब्यात ३०-३५ वर्षांचे पाणी मुरलेले असते. तो सगळा काढून मूळ स्लॅबपर्यंत जा. ओल्या राडारोड्याची किती पोती निघतात ते बघून तुम्ही थक्क व्हाल. नवा नहाणी ट्रॅप, नवे पाइप. पाइप जिथे स्लॅब किंवा भिंत ओलांडतो ती जागा न आकसणाऱ्या ग्राउटने बंद करून घ्या, कारण दहापैकी सात गळत्या मला तिथेच सापडल्या आहेत. मग वॉटरप्रूफिंगसाठी पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, एकमेकांना आडवे, भिंतीवर फूटभर वर आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या वरपर्यंत. ते वाळले की ट्रॅपला बूच मारून पाणी भरायचे आणि किमान ४८ तास ठेवायचे. पाण्याच्या पातळीवर खूण करा. काकांना खाली लक्ष ठेवायला सांगा. त्यांच्याइतका दक्ष तपासनीस तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही. मगच भराव, तोही हलक्या ब्लॉकच्या तुकड्यांचा, आणि त्यावर टाइल.

डक्टमधली, म्हणजे पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतली, सांडपाण्याची बीडाची लाइन सामाईक असते. तुमचे न्हाणीघर उघडे असतानाच ती बदलणे सोयीचे, म्हणून वरच्या-खालच्या घरांना आणि सोसायटीला दोन महिने आधी विचारा.

विजेचे काम पावसाळ्यानंतरचे म्हटले तरी त्यातला एक भाग या आठवड्यात करा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घातलेली असण्याची दाट शक्यता आहे. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. जाड तार घातली की फ्यूजच्या जागी भिंतीतली वायर जळते. चांगल्या परवानाधारक वायरमनला बोलावून ते किटकॅट (चिनीमातीचे, तार घालायचे) फ्यूज काढा, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवा आणि त्यासोबत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज झिरपली की पडणारा स्विच) बसवा. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. गीझरमधून करंट उतरला आणि ओल्या हाताने कोणी नळ धरला, तर क्षणात वीज तोडणारे ते उपकरण आहे. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवला की तो कदाचित पुन्हापुन्हा पडेल. वायरमन म्हणेल, ‘काढून टाकू, त्रास देतोय.’ काढू देऊ नका. तो पडतो आहे याचा अर्थ कुठेतरी वीज झिरपते आहे, ते शोधायला सांगा.

घर १९८७ साली बांधले तेव्हा पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर एवढाच भार होता. आज गीझर दोन किलोवॅट, इंडक्शन दोन, धुलाई यंत्रातला हीटर जवळपास तेवढाच, त्यावर एसी. पूर्ण वायरिंग तांब्याची करा: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगांना अडीच, गीझर आणि एसीला चार, प्रत्येकाची स्वतंत्र लाइन थेट बोर्डापासून. अर्थिंगची वायर प्रत्येक तीन पिनी प्लगपर्यंत गेली आहे का ते उघडून बघा. जुन्या घरांत तिसरे भोक बऱ्याचदा नुसते शोभेचे असते. मीटरखोलीजवळचा अर्थिंगचा खड्डाही सोसायटीकडून तपासून घ्या, आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज काम सुरू होण्याआधी करा. प्लगांच्या जागा ठरवायला एक संध्याकाळ द्या. वडिलांच्या उशाशी, जमिनीपासून अडीच फुटांवर, वाकावे लागणार नाही असा एक प्लग आणि पलंग ते न्हाणीघर या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, हे दोन नक्की घ्या.

फरशी तोडू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. तुमच्या काळातली मोझेक फरशी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे खडे. वरचा थर झिजलेला, तेलकट दिसतो, पण चांगल्या यंत्राने पाणी लावून तीन-चार हात घासले, भोके भरली आणि पॉलिश केले की ती पहिल्या दिवसासारखी उजळते. ती पायाला थंड असते. तोडायची तर दीड-दोन इंचांचा थर राडारोडा होऊन जिन्याने खाली न्यायचा, आणि त्या हादऱ्यांनी खालच्यांच्या छताला भेगा. तिच्यावरच नवी टाइल चिकटवायची तर स्लॅबवर वजन वाढते, सगळी दारे खालून कापावी लागतात आणि प्रत्येक दारात अर्धा इंच उंचवटा राहतो. तोच उंचवटा म्हाताऱ्या माणसाच्या पायात येतो. जिथे फरशी खचली आहे किंवा वाजते आहे तेवढ्याच लाद्या उचलून पुन्हा बसवा. न्हाणीघराच्या कामात पॅसेजमधल्या काही लाद्या निघतील, त्या जपून काढून ठेवायला सांगा.

दाराच्या चौकटी सागवानी असतील तर त्याही ठेवा. आज तसे लाकूड त्या भावात मिळत नाही. वाळवी बघायला चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर तेवढा भाग कापून जोड देता येतो. लाकडी खिडक्यांचेही तेच. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत एका वेळी अर्धीच उघडी मिळते, तुमची जुनी दुपाखी खिडकी पूर्ण उघडते. उन्हाळ्यात दुपारी हा फरक कळतो. डास ही अडचण असेल तर जाळीचे वेगळे पाखे लावा.

जुन्या दारांचा तैलरंग घासण्याबद्दल एक इशारा. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कोरडे घासून ती धूळ घरभर उडवू नका. पाणी मारून घासायला लावा, कामगारांना मास्क द्या, मुले आणि वृद्ध त्या दिवसांत घरात नकोत.

वडिलांसाठी न्हाणीघर पहिल्या टप्प्यात घेण्याचे कारण गळतीइतकेच हेही आहे. पडण्याची वाट बघून मग आधाराची दांडी लावणारी घरे मी फार बघितली. टाइल लावायच्या आधीच कमोडच्या बाजूला आणि शॉवरजवळ भिंतीत दांडीसाठी भक्कम जागा करून घ्या, पोकळ टाइलवर ठोकलेली दांडी भार पडताच उखडते. जुन्या न्हाणीघराचे दार दोन-सव्वादोन फुटांचेच असते. भिंत परवानगी देत असेल तर मोकळी वाट पावणेतीन फूट करा, म्हणजे उद्या वॉकर किंवा चाकाची खुर्ची आत जाईल. दार बाहेर उघडणारे ठेवा. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्या माणसालाच अडते. उंबरा शक्य तितका कमी, टाइल खरखरीत आणि फिकट एकरंगी, कारण नक्षीदार जमिनीवर पाणी सांडलेले दिसत नाही.

वेळेचे गणित असे बसते. दिवाळी झाली की सुतार, रंगारी, बिगारी गावी जातात, छठपूजा उरकून परततात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर न्हाणीघर काढा. तोडण्यापासून नळ लागेपर्यंत तीन आठवडे धरा, पाणी भरून ठेवण्याचे दिवस त्यातच आले. दुसरे न्हाणीघर चालू असल्याने घर सोडावे लागणार नाही. तोडफोडीचे चार-पाच दिवस मुलीला अभ्यासाला आत्याकडे किंवा मैत्रिणीकडे पाठवा. डिसेंबर ते मार्च घरात हातोडा नको. परीक्षा संपली की दुसरा टप्पा: वायरिंग, उरलेले पाइप, दुसरे न्हाणीघर, फरशीचे पॉलिश, लाकूडकाम, रंग, मिळून नऊ-दहा आठवडे. या टप्प्यात घरात राहू नका. लोक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान हलवत राहायचे ठरवतात, काम दीडपट लांबते आणि सिमेंटची धूळ ७९ वर्षांच्या फुप्फुसांत जाते. जवळच दोन-अडीच महिन्यांसाठी एखादा फ्लॅट भाड्याने घ्या. तो खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा.

उन्हाळ्यातल्या कामाची अडचण सांगून ठेवते. मेमध्ये पुण्यात बऱ्याचदा पाणीकपात असते आणि नव्या गिलाव्याला सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते. उन्हात तो लवकर वाळला तर भेगा पडतात. म्हणून गिलाव्याची कामे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा आणि रंग लावण्याआधी त्याला महिनाभर वाळू द्या. जूनचा पहिला पाऊस आला आणि भिंतींना लांबी (पुट्टी) भरायची राहिली असेल, तर रंग पुढच्या हिवाळ्यावर टाका. ओल्या भिंतीवर रंग मारण्यापेक्षा चार महिने पांढऱ्या भिंती बऱ्या.

पैशांचे सांगते. १२ लाखांतले दोन लाख बाजूला ठेवा आणि ते आहेत हे ठेकेदाराला कळू देऊ नका. जुन्या घरात भिंत उघडल्यावर काहीतरी निघतेच. उरलेल्यातले निम्म्याच्या आसपास पाणी, वीज आणि न्हाणीघरांवर जाईल. कोटेशन ‘संपूर्ण काम एवढ्यात’ असे घेऊ नका, बाबवार दर आणि मोजमाप लिहून घ्या. कपाट रनिंग फुटावर सांगितले असेल तर उंची-खोली किती धरली ते विचारा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळ आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या मानकाचा) शिक्का असलेलेच प्लाय, आणि तो शिक्का लॅमिनेट चिकटण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नाही. शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिनाभराने. सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे ठेवायचा आणि किती दिवसांत उचलायचा, हे आधी ठरले की अर्धी भांडणे टळतात.

आता आईंचा ओटा. तो ठेवता येईल असे मला वाटते. कडप्प्याच्या उभ्या पट्ट्यांवर बसवलेला ओटा तीस-चाळीस वर्षांत सहसा सिंकपाशीच बिघडतो. तिथला जोड आणि खालची लाइन बदलायची, मागच्या भिंतीच्या टाइल्स काढून वायरी-पाइप नवे करायचे आणि ओट्याला हात न लावता पुन्हा टाइल्स चढवायच्या. गवंडी कुरकुरेल, कारण तोडणे त्याला सोपे. खाली कडप्प्याचे कप्पे असतील तर त्यांना नुसती दारे आणि दोन सरकते ट्रे बसतात. पाइप गॅस असेल तर नळी हलवायची गरज पडल्यास कंपनीच्याच माणसाकडून हलवून घ्या, ठेकेदाराला हात लावू देऊ नका, आणि ती भिंतीत गाडू नका. एकच गोष्ट तपासा. आईंना ओट्यासमोर उभे करा, हात कोपरात दुमडायला सांगा आणि कोपरापासून ओट्यापर्यंतचे अंतर मोजा. चार इंचांच्या आसपास असेल तर तो ओटा त्यांच्याच उंचीचा आहे. हल्लीचे ओटे ३४ ते ३६ इंच उंच करतात, तिथे कमी उंचीच्या बाईचे पोळ्या लाटताना खांदे भरून येतात. ओटा त्यांच्या मापाचा निघाला, तर त्या अटीमागे नुसता जिव्हाळा नाही, चाळीस वर्षांचे त्यांचे शरीरही बोलते आहे. गवंड्याला तो आकडा लिहून द्या.